कारवानासाठी ओम्नी

मागच्या महिन्यात हे सदर आलं नाही, म्हणून दोघा-तिघांनी रस्त्यात थांबवून विचारलं. खरं कारण सांगते. दिवाळीत मी वेंगुर्ल्याला होते आणि त्याआधीचे चार महिने आमच्या ओम्नीखाली. लिहायला बसले की बोटांचा काळा डाग कागदावर उमटायचा.

हे सगळं सुरू झालं हरण्यापासून. हरण्या आमचा मुधोळ, वय वर्षं 11. बाबांनी त्याला गोकाककडच्या एका शेतकऱ्याकडून दोन महिन्यांचा असताना आणला होता. लांब पाय, पोटाला खोल खळगा, डोळे कायम क्षितिजावर. ही जात आपल्या शेजारचीच. मुधोळचे संस्थानिक घोरपडे, त्यातल्या मालोजीरावांनी ही जात जोपासली, नावारूपाला आणली, आणि इंग्लंडच्या राजालाही या कुत्र्यांची जोडी भेट दिली असं सांगतात. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. बाबांनी ते तिकीट जपून ठेवलंय, हरण्याच्या लसीकरणाच्या वहीत. गावाकडं या कुत्र्यांना ‘कारवान’ म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर म्हणजे कारवानांबरोबर आले म्हणून ते नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. आणि आमचा हा तांड्याबरोबर चालणाऱ्यांचा वंशज पाच वर्षं टिळकवाडीच्या बाहेर पडला नव्हता.

त्यालाही कारण होतं. पाच वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला जाताना आम्ही त्याला कुत्री सांभाळतात अशा एका ठिकाणी चार दिवस ठेवलं. माणसं वाईट नव्हती. पण त्यानं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. या जातीच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. सिमेंटवर बसून बसून दोन्ही कोपरं सोलून निघाली. आणायला गेलो तेव्हा तो उठलाच नाही, बाबांकडं नुसता बघत राहिला. त्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, “इथनं पुढं मी कुठं येणार नाही. तुम्ही जावा.”

आम्हाला वाटलं, आठवड्यात विसरतील. विसरले नाहीत. बारशी, मुंजी, लग्नं, आई एकटीच एसटीनं जाऊन आहेर देऊन यायची. मध्येच गल्लीतली एक गावठी पोर आमच्या पायरीवर येऊन बसली आणि राहिली, तिचं नाव ठकी. मग तर बाबांना सबबही दुप्पट झाली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र लागत होती. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, वेंगुर्ल्याला असते. लग्न होऊन गेली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. बाबा नोकरीत असताना, उद्यमबागेत दोन पाळ्यांत लेथ चालवत असतानाही भाऊबीज त्यांनी चुकवली नव्हती. आता चार भाऊबिजा झाल्या, गेले नव्हते. आत्याचे गुडघे गेलेत, ती घाट चढून इकडं येऊ शकत नाही. आणि आत्याच्या घरात कुत्रं चालत नाही.

त्यात तिचा दोष नाही. ती सात वर्षांची असताना आमच्याच जुन्या गल्लीत तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. हल्ली दंडावर चार-पाच सुयांत काम होतं, त्यामुळं तुमच्या पिढीला तो प्रकार माहीत नाही. रोज एक, बेंबीभोवती, आणि रोज सकाळी आजी तिला ओढत दवाखान्यात नेणार. बाबा सांगतात, ती त्या चौदा दिवसांत रडायची थांबली ती थांबलीच. आजही कुत्रं दिसलं की ती आवाज करत नाही, नुसती भिंतीला टेकते.

म्हणजे बाबा कुत्र्याशिवाय जाणार नाहीत, आत्या कुत्र्यासकट घेणार नाही, आणि वेंगुर्ल्यात दोन कुत्र्यांना ठेवून घेणारी लॉज आम्हाला सापडली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अंगणात पडलेली ओम्नी आहे की. तिच्यातच झोपायचं.

ओम्नी 2007 ची. तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी तिला शाळेची गाडी म्हणूनच पाहिली असेल. मारुतीनं ही गाडी 1984 मध्ये ‘व्हॅन’ म्हणून आणली, नंतर तिला ओम्नी नाव दिलं आणि 2019 मध्ये बंद केली. 796 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. बसलात की उन्हाळ्यात खालून शेक, हिवाळ्यात सुख. आमची चार वर्षं आंब्याखाली उभी होती. भंगारवाला 18 हजार देत होता आणि आईचा आग्रह होता की ते घ्यावेत.

उद्यमबागेतल्या बाबांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीला आणलं. त्यानं बोनेट न बघता आधी मागच्या चाकाला लाथ घातली. चाक हललं नाही. हँडब्रेक ओढून चार पावसाळे गाडी उभी, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसलेले. “हे बघा ताई, पैलं थांबायचं बघूया की. चालायचं मागनं,” तो म्हणाला. मला तेव्हा ते उलटं वाटलं होतं. इंजिन सुरू होतंय का, हा माझा पहिला प्रश्न होता. पण त्यानं चारही ड्रम-डिस्क उघडली, गळके व्हील सिलेंडर बदलले, जुनं ब्रेक ऑइल काढलं, नळ्या बघितल्या, आणि दोन आठवडे इंजिनाकडं ढुंकूनही बघितलं नाही. बंद गाडी पुन्हा काढणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवा.

मग पत्रा. पायाखालचं रबर उचललं तर अंगणातली फरशी दिसली. वरून लांबी भरून रंग मारून देतो म्हणणारेही भेटले. लांबी म्हणजे गाडीचं पुटिंग, दिसायला छान, खाली गंज तसाच. आम्ही सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर ठेवल्याशिवाय मिस्त्रीनं वेल्डिंगला हात लावला नाही. टाकीत चार वर्षांचं पेट्रोल होतं, वार्निशसारखा वास येत होता, आणि टाकीतला पंप त्यात जाम झालेला. बॅटरी तर मेलेलीच. डॅशबोर्डामागं उंदरानं घर केलं होतं, वायरी कुरतडून. टायर मात्र दिसायला नवे होते. बाबा म्हणाले, चालतील. मी टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला, 2314. म्हणजे 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. खाच कितीही खोल दिसली तरी दहा-अकरा वर्षांचं रबर घेऊन घाट उतरायचा नाही. बाबांशी दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच जाऊन चार टायर घेऊन आले.

नोंदणीची पंधरा वर्षं उलटली होती, म्हणून आरटीओत तपासणी, उशिराचा दंड, मग पाच वर्षांचं नूतनीकरण. विमा, पीयूसी. तो भाग कंटाळवाणा आहे, सोडून देते. एवढंच सांगते, की आरसीवर लिहिलेल्या रचनेत मनानं फेरफार करता येत नाही. त्यामुळं छप्पर कापा, उंच करा, असली स्वप्नं आम्ही बघितली नाहीत. मूळ सीट पुन्हा जशीच्या तशी बसली पाहिजे आणि आमचं जे काही असेल ते सुटं, सामानासारखं.

ते सामान बाबांचं. मागची सीट काढली तर पुढच्या सीटपासून मागच्या दारापर्यंत मी झोपू शकते, पण बाबा उंच, त्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर. मग त्यांनी प्लायच्या फळीला बिजागरीनं दुसरी फळी जोडली. मागचं दार वर उचललं की ती फळी बाहेर उलगडते, तिला घडीचे दोन लोखंडी पाय. वर उघडलेलं दार हेच छप्पर, आणि दाराला तिन्ही बाजूंनी कॅनव्हासचा पडदा. कॅनव्हास खडेबाजारातून आणलं आणि एका कुशनवाल्याकडून शिवून घेतलं. परदेशात गाडीमागं ओढायच्या, जागेवर पोचल्यावर तंबूसारख्या फुलणाऱ्या छोट्या घरगाड्या असतात, तसलंच हे गरिबाघरचं. बाबांचा एक मित्र ते बघून म्हणाला, “कारवानासाठी कॅराव्हॅन केलात म्हणा की.” बाबा हा विनोद आजपर्यंत येईल त्याला ऐकवतायत.

फळी खालून उंच ठेवली, तिच्याखाली कुत्र्यांची जागा. हरण्यासाठी चार इंच जाड फोम, त्याच्या कोपरांसाठी. इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, मागच्या बाजूला. त्याला आता उडी मारता येत नाही, मागचे पाय थरथरतात, म्हणून चढायला फळी आणि तिच्यावर जुन्या पायपुसण्याचं काथ्याचं कापड, नखं घसरू नयेत म्हणून. एकच गोष्ट राहिली. सरकत्या दाराचा खालचा रोलर झिजलेला, हवा तसा मिळाला नाही. दार सरकताना ‘खर्रर्र-खट्’ असा आवाज करायचं, ते तसंच राहिलं.

ठकीला गाडीत उलटी व्हायची. तिला आधी नुसतं उभ्या गाडीत बसवून बिस्किट, मग इंजिन चालू करून बिस्किट, मग हिंडलग्यापर्यंत, मग राकसकोपपर्यंत. निघण्याआधी चार-पाच तास पोट रिकामं. दीड महिना लागला, पण थांबली. हे काम घाईनं होत नाही.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. बेळगावात फटाक्यांनी दोन्ही कुत्री तीन रात्री पलंगाखाली होती, त्यामुळं निघणं त्यांनाही बरंच होतं. आईनं सांगितलं होतं, “मी काही कुत्र्यांच्या केसांत बसून येणार नाही,” आणि ती आदल्याच दिवशी एसटीनं पुढं गेली होती. बाची गेलं, शिनोळी आलं, महाराष्ट्र लागला. बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि दर दहा मिनिटांनी मागं हात घालून हरण्या आहे ना ते चाचपत होते.

पाटणे फाट्याच्या पुढं चहाला थांबलो आणि तिथं माझी चूक झाली. मुधोळाची मान डोक्याहून रुंद असते. साधा पट्टा मागं ओढला की डोक्यावरून निसटतो, म्हणून त्याला ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा किंवा अंगात घालायचा पट्टा लागतो. आमच्याकडं तो होता. रात्री त्याला टोचू नये म्हणून मी काढला होता आणि पहाटे घाईत साधा घातला. दार सरकवलं, रस्त्यापलीकडं एक बोकड होतं. अकरा वर्षांचा, थरथरत्या पायांचा कुत्रा माझ्या हातात रिकामा पट्टा ठेवून उसात गेला.

मी धावले. उसाच्या सरीतून आत कुणी गेलं की दहा पावलांवर दिसत नाही. पानांनी हात कापले. हाका मारून घसा बसला. एक टेम्पो भरधाव गेला आणि कर्कश ब्रेक ऐकू आला, तेव्हा माझ्या पोटात काय झालं ते लिहीत नाही. ते काही नव्हतं, पुढं म्हैस होती. पंचवीस मिनिटांनी मी हात हलवत परत आले, रडत. बाबा हलले नव्हते. ते गाडीपाशी उभं राहून दार सरकवत होते. उघडायचं, बंद करायचं. खर्रर्र-खट्. खर्रर्र-खट्. तोंडानं एक अक्षर नाही. चहावाला त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघत होता.

“चार महिने रोज हे दार वाजलं की त्याला भाकरी मिळालीय,” ते म्हणाले. “तू ओरडत सुटलीस तर तो शिकारीत आहे असं समजणार.”

अजून दहा-बारा मिनिटं गेली असतील. उसाच्या कडेच्या पाटातून हरण्या आला, पोटापर्यंत चिखल, पुढचा उजवा पाय उचललेला. नेहमीसारखा फळीपाशी उभा राहिला, वर घ्या म्हणून. पायात काटा-काच नव्हती, मुरगळला होता. परत फिरावं का असं मी विचारलं. बाबांनी पाय चाचपून पाहिला, सूज नव्हती. “परत जाऊन तरी काय, तिथं फटाकेच,” म्हणाले. त्यानंतर दार उघडण्याआधी आत बांधलेला दोर त्याच्या अंगातल्या पट्ट्याला अडकवायचा, हा नियम झाला. तो आधीपासून असायला हवा होता.

आंबोलीला धबधब्यापाशी माकडं असतात, तिथं काचा वर करून न थांबता गेलो. घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो. मिस्त्रीनं बजावलं होतं, ब्रेकवर पाय दाबून ठेवला तर खाली पोचेपर्यंत ब्रेक उरणार नाही. दाणोलीला हवा बदलली, दमट झाली, आणि दोन्ही कुत्री जिभा बाहेर काढून बसली. ऊन वाढल्यावर बंद गाडीत कुत्रं ठेवून जेवायला जाणारे लोक मी पाहिलेत. बाहेर तीस अंशांच्या आसपास असताना बंद गाडी दहा मिनिटांत चाळिशीला जाते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. आम्ही सावंतवाडीत एकजण गाडीत, एकजण हॉटेलात असे आळीपाळीनं जेवलो.

आत्याच्या खळ्यात गाडी शिरली तेव्हा आत्या ओटीवर, खांबाला टेकून. बाबा उतरले. मी आतच, दोर धरून. दोघं काही क्षण नुसते बघत होते. मग आत्या म्हणाली, “चार वर्सां झाली रे.” बाबा म्हणाले, “होय की, आक्का.” तिनं लगेच विचारलं, “तो खय आसा?” म्हटलं, गाडीत, बांधलेला आहे. “थयच रवांदे.”

तिथंच ठेवला. गाडी माडाखाली, विहिरीच्या पलीकडं लावली. वर नारळ नाहीत ते झाड बघून. रात्री बाबा त्यांच्या फळीवर, पाय कॅनव्हासात, मी आत, कुत्री खाली. दव इतकं पडलं की पहाटे पडदा ओलाचिंब, आणि वरच्या एका शिवणीतून थेंब बरोबर माझ्या कानात. बाबा म्हणाले शिवणीला मेण लावायला पाहिजे होतं. ते त्यांनी आधीही सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

भाऊबीज ओटीवरच झाली. हरण्या गाडीतून बघत होता, ठकी भुंकली, आत्याच्या हातातलं तबक हललं, पण तिनं ओवाळणं पुरं केलं. नंतर तिनं करंज्यांची ताटली भरली आणि मला म्हणाली, “तेंका दी.” मी घेतली नाही. सारणात मनुका होत्या, आणि मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. तिला वाटलं मी राग धरला. समजावून सांगितलं तर आत गेली आणि थोड्या वेळानं काटे काढलेल्या माशाचा भात, मीठ-मसाला काही नाही, वाडग्यात घालून ओटीच्या कडेला ठेवला आणि मागं सरली. वाडगा माझ्याकडं ढकलला तो केरसुणीच्या दांड्यानं.

संध्याकाळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो. मला वाटलं होतं हरण्या धावेल. तो लंगडत पाण्यापर्यंत गेला, एक लाट पायांवर घेतली, खारं पाणी चाटू लागला तसं बाबांनी तोंड बाजूला केलं, आणि मग ओल्या वाळूवर बसून तासभर नुसता लांब बघत राहिला. बाबाही. ठकीनं खेकड्यांशी भांडण काढून आम्हाला पुरेसं दमवलं.

दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर आत्या कंदील घेऊन विहिरीपर्यंत आली. त्याच्या पुढं नाही. मी पडदा उचलला. तिनं हरण्याला बराच वेळ पाहिलं, त्याच्या बरगड्या, पाठीचा कणा. “बारीक केवढो,” म्हणाली. मग, “त्याका थंडी लागणा नाय काय?”

म्हटलं, लागते ना. याच्या अंगावर चरबी नसते.

ती परत गेली. दहा मिनिटांनी आतेभावाच्या हातून एक गोधडी आली, जुन्या नऊवाऱ्यांची, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. हरण्यानं ती तीनदा हुंगली, पायांनी उकरून गोल केली आणि तिच्यात नाक खुपसलं.

येताना घाट चढताना गाडी तापली, दोनदा. दोन्ही वेळा बाजूला घेऊन अर्धा अर्धा तास थांबलो, गरम रेडिएटरचं झाकण उघडण्याचा मोह टाळला. आता रेडिएटर साफ करून घ्यायचाय, शिवणीला मेण लावायचंय. रोलर मात्र मिळाला तरी बदलायचा नाही असं बाबांनी सांगितलंय.

परवा आत्याचा फोन आला. गोधडी पोचली का, धुतली का, उन्हात घातली का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, ती तिच्या सासूबाईंची आहे, तेव्हा ठेवून घेऊ नका, पुढच्या भाऊबिजेला येताना परत आणा.